आधीं पाणी, मग कात्री

कापड बेतण्यापूर्वीं तें पाण्यांत घालावें, वाळवावें, त्याचे धागे काटकोनांत आणावे आणि मगच त्यावर खडूची रेघ ओढावी, हा शिवणकामाचा पहिला नियम होय. नियम इतका साधा आहे कीं, त्याला कांहीं इतिहास असेल अशी शंकाही सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु बादलीभर पाण्याच्या या उपचारामागें दोन हजार वर्षांचा व्यवहार उभा आहे. त्यांत कारागिरी आहे, फसवणूक आहे, कायदे आहेत आणि शेवटीं एका यंत्राचा शोधही आहे. कापड आटतें ही सृष्टीची गोष्ट. आटलेल्या कापडाचा तोटा मात्र कोणीं सोसावा, विणकरानें, व्यापाऱ्यानें, शिंप्यानें कीं अंगांत घालणारानें, हें मनुष्यांनीं ठरविलें. कात्रीपूर्वींच्या पाण्याचा इतिहास म्हणजे या तोट्याच्या वांटणीचा इतिहास होय.

कापड आटतें म्हणजे नेमकें काय होतें, हें प्रथम पाहिलें पाहिजे. कापसाचा तंतु पाण्यांत भिजला म्हणजे आखूड होतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाहीं. तंतूची लांबी पाण्यानें फारशी बदलत नाहीं. वाढते ती त्याची जाडी. विणलेल्या कापडांत प्रत्येक उभा धागा आडव्या धाग्यांच्या वरून आणि खालून नागमोडी वाटेनें जात असतो. आडवे धागे फुगले कीं, त्यांना वळसा घालण्यास उभ्या धाग्याला अधिक लांबी लागते. ती नवी कोठून मिळणार? म्हणून तो आपलीं दोन्ही टोकें आंत ओढून घेतो आणि कापड आखूड होतें. याच्या जोडीला दुसरें कारण आहे. मागावर ताणा ताठ ओढलेला असतो. पुढें धुलाई, रंगाई आणि घडी करण्याच्या कामांतही कापड लांबीच्या दिशेनेंच ओढलें जातें. हा ताण खळीनें आणि इस्त्रीनें जणूं गोठून राहतो. पाणी लागतांच तो सुटतो आणि सूत आपल्या मूळ स्थितीवर येतें. म्हणूनच साधें कापड पन्ह्यापेक्षां लांबीकडे अधिक आटतें आणि बहुतेक आटणें पहिल्या कांहीं धुण्यांतच होऊन जातें. बेतण्यापूर्वीं कापड भिजविणें म्हणजे जें होणारच आहे तें कात्रीच्या आधीं होऊं देणें.

हें आटणें दिसावयास क्षुल्लक, पण हिशेबांत क्षुल्लक नाहीं. शेंकडा पांच हें साध्या सुती कापडाच्या बाबतींत कांहीं अचाट प्रमाण नव्हे. या मानानें ३६ इंचांच्या वारामागें १.८ इंच जातात. ३० इंच उंचीचा सदरा दीड इंचानें वर चढतो आणि २४ इंचांची बाही मनगट सोडून इंचभराहून अधिक मागें सरते. अस्तर एका प्रमाणांत आणि वरचें कापड दुसऱ्या प्रमाणांत आटलें, म्हणजे एकाला चुण्या पडतात आणि दुसऱ्याला झोळ येतो. धागे तिरपे असतां बेतलेल्या कपड्याची गत याहूनही वाईट. तो धुतल्यावर नुसता आखूड होत नाहीं, तर एका अंगाला पिळला जातो आणि मग त्याला कोणतीही इस्त्री सरळ करूं शकत नाहीं.

मराठी भाषेनें या ज्ञानाची नोंद आपल्या शब्दांत करून ठेवली आहे. 'कोरें' कापड म्हणजे केवळ नवें कापड नव्हे. ज्याला अजून पाणी लागलेलें नाहीं तें कोरें, आणि लागलें म्हणजे तें धुवट. साळी व कोष्टी यांच्या घरीं ताण्याच्या सुताला पेज किंवा खळ लावून तें कुंच्यानें विंचरण्याच्या क्रियेला 'पांजणी' म्हणत. धागा तुटूं नये म्हणून केलेली ही पांजणी कापडाबरोबर बाजारांत येई आणि पहिल्या धुण्यांत निघून जाई. धुतलेलें कापड घडी करून लांकडी मोगरीनें ठोकीत आणि त्यास तकाकी आणीत, ती 'कुंदी'. एखाद्यास यथेच्छ चोप देण्याला 'कुंदी काढणें' म्हणतात, तें यावरूनच. धर्मकृत्यांत जें 'अहत' वस्त्र सांगितलें आहे, त्याच्या लक्षणांत नवें, पांढरें, दशायुक्त आणि पूर्वीं न नेसलेलें यांच्याबरोबर 'किंचित् धुतलेलें' हेंही एक लक्षण आहे. नवेपणा आणि एक धुणें यांत प्राचीनांना विरोध दिसला नाहीं, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

तथापि जुन्या हिंदुस्थानी वेषाला आटण्याचें भय फारसें नव्हतें. लुगडें, धोतर, उपरणें, पागोटें हीं सारीं न शिवलेलीं वस्त्रें. नऊ वारांच्या लुगड्यांतून अर्धा वार गेला, तर निऱ्यांतील एखादी निरी कमी होते इतकेंच. लुगडें टाकून द्यावें लागत नाहीं. जे कपडे शिवलेले असत त्यांतही आटण्याला वाव ठेवलेला असे. अंगरखा आणि बाराबंदी बंदांनीं बांधावयाची. छातीवर कापड दोन बोटें आटलें तर बंद दोन बोटें सैल बांधावे. महाराष्ट्रांतील चोळीला पुढें गांठ मारावयाची असे. घट्ट मापाचा गळा, बटणें आणि मनगटपट्टी हीं अंगावर आल्यावर मात्र वेषांतील ही क्षमा संपली. गांठ सैल करतां येते, काजें व बटणें जागचीं हलत नाहींत.

ज्या देशांत लोकरीचीं वस्त्रें वापरीत, तेथें हा प्रश्न फार पूर्वीं उभा राहिला. येशू ख्रिस्ताच्या उपदेशांत एक दृष्टान्त आहे: जुन्या वस्त्राला नव्या, न आटलेल्या कापडाचें ठिगळ लावूं नये, लावल्यास तें ठिगळ जुन्याला ओढतें आणि फाटलेलें अधिकच फाटतें. मत्तय आणि मार्क या दोघांच्याही शुभवर्तमानांत हा दृष्टान्त येतो, आणि तेथें कापडासाठीं जो ग्रीक शब्द योजिला आहे त्याचा अर्थ 'तुडविणाराच्या हाताखालून न गेलेलें' असा आहे. दृष्टान्त धर्माविषयींचा; पण तो ऐकणाऱ्या कोळ्या-शेतकऱ्यांना आणि त्यांच्या बायकांना कोऱ्या कापडाचा हा गुण पुरता ठाऊक होता, म्हणूनच तो सांगतां आला. ज्ञात असलेल्या गोष्टीवरूनच अज्ञाताचा बोध करतां येतो.

'तुडविणारा' हा रोमन नगरांतील मोठा व्यवसायी होता. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. ऊन, पाणी, क्षार आणि मर्दन यांच्या योगानें ते एकमेकांत अडकतात आणि विरळ विणलेलें कापड दाट व आखूड होतें. रोममध्यें हें काम पायांनीं करीत. पाण्यांत क्षारासाठीं साठविलेलें मूत्र मिसळीत. या मूत्रावर बादशहा व्हेस्पेशियन यानें कर बसविला, ही हकीकत सुएटोनियस या चरित्रकारानें लिहून ठेवली आहे. इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरांत स्टेफानस नांवाच्या इसमाचा असा कारखाना हौदांसह सांपडला आहे. कोणती माती आधीं आणि कोणती नंतर वापरावी याविषयीं रोममध्यें एक कायदाच होता, असें प्लिनी सांगतो. म्हणजे आटवून दिलेलें कापड हाच विक्रीयोग्य माल, अशी समजूत त्या काळीं रूढ होती. तोटा कारागिरानें आधींच सोसलेला असे आणि किंमतींत तो धरलेला असे.

मध्ययुगीन इंग्लंडांत हेंच काम पाणचक्कीवर चालणारे लांकडी घण करूं लागले. तेथील 'फुलर', 'वॉकर' आणि 'टकर' हीं तीनही आडनांवें या एकाच धंद्यावरून आलीं. तुडवून दाट केलेलें ओलें कापड उघड्या माळावर लांकडी चौकटींना आंकड्यांनीं ताणून वाळवीत. ताणणें आवश्यक होतें; त्यावांचून कापड समपन्ह्याचें राहत नसे. परंतु जो आंकडा कापड सरळ करतो तोच तें वाजवीपेक्षां लांबही करूं शकतो. दोन हात जास्त ताणलें कीं दोन हातांचे दाम जास्त. आणि पहिल्या पावसांत तें मूळ मापावर आलें कीं रडणारा गिऱ्हाईक. १२१५ सालच्या 'मॅग्ना कार्टा' या सनदेंत कापडाचा पन्हा एकसारखा असावा असें कलम घालावें लागलें. १५९७-९८ सालीं राणी एलिझाबेथच्या कारकीर्दींत तर उत्तरेकडील कापडाच्या लबाडीच्या ताणण्याविरुद्ध पार्लमेंटनें स्वतंत्र कायदा केला. राजसत्तेनें कापडाच्या ओलाव्यांत लक्ष घालावें हें आज चमत्कारिक वाटेल. पण लोकर हेंच ज्या देशाचें वैभव, त्याची पत प्रत्येक आंकड्यावर टांगलेली होती.

कायद्यानें जें साधलें नाहीं तें लंडनच्या शिंप्यांनीं आपल्यापुरतें साधलें. लोकरीचें कापड बेतण्यापूर्वीं तें ओल्या फडक्यांच्या थरांमध्यें पसरून ठेवावयाचें, ओलावा सर्वत्र भिनला म्हणजे काठ्यांवर सैल टांगून, न ओढतां, हवेवर वाळवावयाचें आणि मग दाबाखालीं घालावयाचें, अशी ती पद्धति. तिला 'लंडनची आटणी' असें नांव पडलें आणि हें काम करणारे स्वतंत्र धंदेवाईक निर्माण झाले. चांगल्या शिंप्याची ओळख कात्रीपेक्षां या धीरावर होऊं लागली. मात्र हा धीर पैसेवाल्या गिऱ्हाइकालाच परवडे.

हिंदुस्थानांत सतराव्या शतकांत युरोपीय कंपन्या जें सुती कापड खरेदी करीत, तें मागावरून उतरतांना कोरें व मळकट असे. तें धुऊन पांढरें करण्याचा धंदा समुद्रकांठच्या शहरांत भरभराटला. तॅव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्यानें सुरतेच्या आसपास आणि भडोच येथें कापड धुण्यास आणीत असें नमूद केलें असून तेथील मोकळीं मैदानें आणि मुबलक लिंबें हीं त्याचीं कारणें दिलीं आहेत. मद्रासेंत कंपनीच्या मालाची धुलाई करणाऱ्यांची वस्ती ज्या भागांत झाली त्याचें 'वॉशरमनपेट' हें नांव अद्याप कायम आहे. उकळणें, आपटणें, उन्हांत पसरणें, पुनः पाणी शिंपडणें आणि शेवटीं कुंदी, इतक्या संस्कारांतून गेलेल्या कापडाचें बहुतेक आटणें आधींच झालेलें असे. जहाजांत चढणाऱ्या गठ्ठ्यांत निदान तेवढी फसवणूक नव्हती.

एकोणिसाव्या शतकांत व्यापाराचा ओघ उलटला. लँकेशायरच्या गिरण्यांतून यंत्रावर विणलेलें कापड हिंदुस्थानांत येऊं लागलें. यंत्रमागाच्या झटक्यांना ताणा टिकावा म्हणून त्यास कणीक व चरबी यांची खळ लावीत. १८५३ ते १८५६ या काळांत क्रिमियाच्या युद्धामुळें हे दोन्ही जिन्नस महागले, तेव्हां खळींत चिनी माती मिसळण्याचा प्रघात वाढला. पुढें १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध झालें, अमेरिकन कापूस बंद झाला आणि हिंदुस्थानच्या आखूड धाग्याच्या कापसावर गिरण्या चालवाव्या लागल्या. हें सूत वारंवार तुटे. म्हणून खळ आणखी दाट झाली. युद्ध संपलें, पण खळ कमी झाली नाहीं. कारण व्यापाऱ्यांच्या एक गोष्ट ध्यानांत आली होती: माती कापसापेक्षां स्वस्त आहे आणि वजनदार कापड गिऱ्हाइकास भरीव वाटतें. कांहीं मालांत खळीचें वजन ताण्याच्या सुताइतकें, क्वचित् त्याहूनही अधिक असे. असें कापड हातांत घट्ट लागे आणि पहिल्या धुण्यांत गाळणीसारखें विरळ होऊन जाई.

या मातीची किंमत ती विणणारांनींही दिली. खळीचें सूत कोरडें पडूं नये म्हणून विणकाम चालूं असतां दालनांत वाफ सोडीत; हवेंत मातीची धूळ उडे. टॉडमॉर्डन येथील विणकरांनीं याविषयीं गाऱ्हाणें केलें, आणि डॉ. जॉर्ज बुकानन यांनीं १८७२ सालीं चौकशी करून सरकारास अहवाल दिला. दालनांतील ओलाव्यावर मर्यादा घालणारा कायदा व्हावयास मात्र १८८९ साल उजाडलें. एका टोकाला लँकेशायरच्या मजुराचीं फुप्फुसें आणि दुसऱ्या टोकाला कोंकणांतल्या किंवा देशावरल्या गरिबाचा सदरा. या दोहोंना जोडणारी वस्तु एकच, ती म्हणजे खळीतील माती.

मुंबईंत पहिल्या सूतगिरणीची कंपनी १८५४ सालीं कावसजी डावर यांनीं उभारली आणि १८५६ सालीं ती गिरणी सुरू झाली. पुढें मुंबईच्या गिरण्यांत विणकामही वाढलें आणि सायझिंग खात्यांतील खळीच्या कढयाही उकळूं लागल्या. १८८९ सालींच हिंदुस्थान सरकारनें व्यापारी चिन्हांचा कायदा केला. त्यानुसार येथील गिरण्यांत तयार झालेल्या कापडाच्या प्रत्येक ताक्यावर त्याची लांबी वारांत छापणें आवश्यक ठरलें. हा कायदा गिऱ्हाइकाच्या हिताचाच होता. दुकानदाराच्या गजाला त्यानें लगाम घातला. परंतु छापलेला आंकडा होता कोऱ्या कापडाचा. धुतल्यानंतर चाळीस वारांचे किती वार उरतील, याविषयीं शिक्का मुका होता. गिरणीनें वार मोजून दिले, दुकानदारानें मोजून विकले, शिंप्यानें मोजून बेतले. आणि सर्वांचीं मापें बरोबर असूनही सदरा आखूड झाला. अशा वेळीं दोष कोणास द्यावयाचा?

याच काळांत शिवणकामाचें रूप पालटत होतें. एलायस हौ यानें १८४६ सालीं आणि आयझॅक सिंगर यानें १८५१ सालीं शिवणयंत्रांचीं पेटंटें घेतलीं. १८६३ सालीं अमेरिकेंत एबेनेझर बटरिक यानें निरनिराळ्या मापांचे कागदी नमुने विकावयास काढले. कागद आटत नाहीं. म्हणून कागदावरून बेतलेलें कापडही आटूं नये, अशी अपेक्षा निर्माण झाली. हातशिलाईचा धावदोरा कापडाबरोबर थोडा सरकतो, यंत्राची टीप सरकत नाहीं. कापड आटलें म्हणजे टिपेच्या दोन्ही बाजूंस बारीक चुण्या उभ्या राहतात. पूर्वीं डोळ्याआड होणारी चूक आतां शिवणीशिवणींतून दिसूं लागली.

शिंप्यानें यावर आपला उपाय केला. शिवणींत दुमडून राखून ठेवलेल्या जादा कापडाला शिंपी 'माया' म्हणतात. मुलाचें अंग वाढेल, कापड आटेल, म्हणून माया सोडावयाची आणि पुढें उसवून सदरा वाढवावयाचा. हा शब्द धंद्यांत कोणी आणला असेल त्याला माणसाचें मन ठाऊक असलें पाहिजे. परंतु मायेलाही कापड लागतें. ज्यानें पोटाला चिमटा घेऊन नेमकें दोन वार कापड आणलें, त्याच्या मुलाच्या सदऱ्यांत माया कोठून सोडणार? शिवाय भिजवण्याला एक दिवस लागतो, आणि लग्नसराईच्या वा दिवाळीच्या घाईंत तो दिवस शिंप्यापाशींही नसतो व गिऱ्हाइकापाशींही नसतो. परिणाम असा कीं, आटण्याचा सारा तोटा अखेर ज्याला तो सर्वांत जड, त्याच्याच अंगावर येई.

आटणें हा कापडाचा असाध्य रोग आहे, असेंच रसायनशास्त्रज्ञही मानीत. जॉन मर्सर यानें १८४४ सालीं दाहक सोड्याच्या द्रवांत कापड बुडविलें असतां तें बळकट होतें आणि रंग उत्तम घेतें, असा शोध लावला व १८५० सालीं त्याचें पेटंट घेतलें. परंतु त्या द्रवांत कापड इतकें आटे कीं, गिरणीवाल्यांनीं त्याकडे पाठ फिरविली. चाळीस वर्षांनंतर होरेस लोव यानें तेंच कापड ताणून धरून ती क्रिया केली, तेव्हां आटणें थांबलें आणि वर रेशमासारखी चमक आली. हा विजय खरा. पण तो ताणण्याचा विजय होता. कापडाला त्याच्या मनाप्रमाणें आटूं द्यावें, असें अजून गिरणीस सुचलें नव्हतें.

तें सुचलें अमेरिकेंतील ट्रॉय या गांवीं. हें गांव सुट्या कॉलरांच्या धंद्यासाठीं प्रसिद्ध होतें. सदऱ्यावर बटणांनीं अडकवावयाची कडक कॉलर हा तेथील मुख्य माल. पहिल्या महायुद्धांत मऊ, जोडलेल्या कॉलरीची संवय झालेले सैनिक परत आले आणि सुट्या कॉलरीचे दिवस भरले. आतां अडचण निराळीच झाली. सुटी कॉलर बिघडली तर दुसरी आणतां येई. पण जोडलेली कॉलर आटून गळा आवळूं लागली कीं सबंध सदराच फुकट. क्लुएट, पीबडी या कंपनींत १९१९ सालीं दाखल झालेला सॅनफर्ड क्लुएट हा व्यवसायानें इंजिनिअर होता. गिरणींत प्रत्येक यंत्र कापडाला पुढें ओढतें, हें त्याच्या नजरेस आलें. ओढल्यानें जें लांब झालें तें मागें ढकलल्यानें आखूड झालें पाहिजे, असा त्यानें विचार केला.

त्याची युक्ति अशी. जाड लवचीक पट्टा रुळावरून वळतांना बाहेरच्या बाजूनें ताणला जातो आणि सरळ होतांना पुनः आंखडतो. किंचित् ओलसर कापड पट्ट्याच्या ताणलेल्या बाजूवर घट्ट बसविलें, तर पट्टा आंखडतांना कापडालाही आपल्याबरोबर आंखडवितो. उष्णतेनें तें त्याच स्थितींत सुकविलें कीं काम झालें. धुण्यानें जितकें आटावयाचें तितकें तें यंत्रांतच आटतें, आणि किती आटवावयाचें हें आधीं नमुना धुऊन मोजून ठरवितां येतें. १९३० सालीं या क्रियेचें पेटंट मिळालें. शोधकाच्या नांवावरून तिला 'सॅन्फोरायझिंग' म्हणूं लागले. ज्या गिरण्यांना हा शिक्का वापरण्याचा परवाना मिळे, त्यांच्या कापडांत शेंकडा एकाहून अधिक आटणें शिल्लक राहतां कामा नये, अशी अट होती. कापड धुतल्यावर किती उरेल हें विकणारानेंच सांगावें, हा या शिक्क्याचा अर्थ. आणि हाच त्याचा खरा पराक्रम.

स्वातंत्र्यानंतर भारतीय गिरण्यांच्या ताक्यांवर आणि जाहिरातींतही हा शिक्का झळकूं लागला. १९४७ सालीं अहमदाबादेस आणि १९५४ सालीं मुंबईस वस्त्रोद्योगाच्या संशोधनसंस्था स्थापन झाल्या. मापाच्या खुणा करून कापड धुवावयाचें आणि खुणांमधील अंतर पुनः मोजावयाचें, ही आटण्याची परीक्षा प्रयोगशाळेंत नित्याची झाली. १९५६ च्या कायद्यानें दशमान मापें आलीं, वाराची जागा मीटरनें घेतली. पण त्याहून मोठा बदल हा कीं, लांबीबरोबर लांबीचा टिकाऊपणाही मोजला जाऊं लागला. १८८९ च्या शिक्क्यानें जें सांगितलें नव्हतें तें सांगणारा शिक्का आला.

या सर्व खटाटोपापासून अलिप्त राहिलेली एक वस्तु म्हणजे गोधडी. महाराष्ट्रांतील गोधडी किंवा वाकळ, बंगालचा कांथा आणि गोव्यांतून कर्नाटकाच्या रानांत गेलेल्या सिद्दी लोकांची कवंदी, या तिन्हींचा मुख्य कच्चा माल जुनें कापड हाच. शेंकडों वेळां धुतलेल्या लुगड्यांत आणि धोतरांत आटावयास कांहींच शिल्लक नसतें. खळ गेलेली, ताण सुटलेला, रंग जेवढा जावयाचा तेवढा गेलेला. एकावर एक चार थर घालून धावदोरा मारला तरी कोणताही थर दुसऱ्याशीं भांडत नाहीं. गोधडींत नवें कापड घालावयाचें झाल्यास जाणत्या बायका तें आधीं धुऊन घेतात, याचें कारण तोच शुभवर्तमानांतील दृष्टान्त. कोरें कापड जुन्याला ओढतें. दारिद्र्यांतून आलेली ही कला कापडाच्या शास्त्राला धरूनच निघाली, हें तिच्या टिकाऊपणाचें रहस्य होय.

आज बहुतेक लोक तयार कपडे घेतात, आणि आटण्याची काळजी कारखान्यानें वाहावी असें गृहीत धरतात. तरीही हातमागाचें कापड, खादी आणि खळीचें सुती कापड यांना पाण्याची दीक्षा लागतेच. ती देण्याची रीति बदललेली नाहीं. कापड घडी मोडून साध्या पाण्यांत रात्रभर बुडवावें. पक्क्या रंगाची खात्री नसल्यास वेगळें भिजवावें. पिळूं नये, निथळूं द्यावें आणि सावलींत, न ताणतां वाळवावें. थोडें दमट असतांना उभ्या धाग्याच्या दिशेनें इस्त्री करावी. मग काठापासून एक आडवें सूत ओढून काढावें आणि त्या रेषेवर टोंक कापावें. तें टोंक काठाशीं काटकोन करीत नसेल तर कापड कर्णरेषेंत हळूच ओढून सरळ करावें. अस्तरालाही तोच न्याय लावावा. काठ जास्त आटला असेल तर तो कापून टाकावा. लोकरीला बुडवूं नये. तिला ओल्या फडक्याची वाफ पुरते.

हे सारे उपचार केल्यावर कापड मापानें कमी भरतें. दोन मीटर आणलेलें एकोणीसशें मिलिमीटर निघतें आणि नवशिक्याचा जीव हळहळतो. परंतु जें गेलें तें कधींच कापड नव्हतें. तो केवळ ताण होता. उरलें तें खरें माप, आणि कात्री चालवावी ती त्यावरच.